कविता-कादंबरीतला बोध मुलांना स्वतः कसा सापडेल?

मराठी शिकवणारे शिक्षक आणि नववी-दहावीतल्या मुलांचे पालक एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. ‘कवितेतून मिळणारा संदेश’ या प्रश्नाखाली नेमकं काय लिहायचं? गाईडमधलं उत्तर एक, वर्गात फळ्यावर लिहून दिलेलं दुसरं आणि मुलाला कविता वाचून वाटलेलं तिसरंच. शेवटी मूल ‘संकटांना धैर्याने तोंड द्यावे’ असं एखादं वाक्य पाठ करून मोकळं होतं. ते वाक्य बऱ्याच कवितांखाली चालतं, गुणही मिळतात. पण त्या मुलावर खरंच संकट येतं तेव्हा ते वाक्य त्याला आठवतसुद्धा नाही.

कादंबरीचा घोळ वेगळा. मूल चार दिवस पुस्तकात बुडालेलं असतं. घरातलं कुणी विचारतं, ‘एवढं वाचून काय मिळालं?’ आणि त्याला काहीच सांगता येत नाही. मग वाचन हा वेळेचा अपव्यय ठरतो.

साहित्यातून मुलांना जगण्यासाठी काही मिळावं ही तुमची इच्छा रास्त आहे. फक्त ते देण्याची रीत बदलायला हवी. माझं म्हणणं असं की मुलाला बोध सांगता येणं पुरेसं नाही, त्या बोधाची हद्दही सांगता आली पाहिजे. ही गोष्ट कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे त्याला कळलं की तो बोध त्याचा झाला. तोवर तो गाईडचा किंवा तुमचा असतो.

आधी ही कसोटी वर्गात रुजवा

मुलाने कुठलाही बोध सांगितला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. वर्षाच्या सुरुवातीला ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दिवाळीपर्यंत मुलं एकमेकांना विचारू लागतील.

१. हे तुला कुठे दिसलं? ओळीवर, शब्दावर, प्रसंगावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ‘पूर्ण कवितेतच आहे’ हे उत्तर घेऊ नका.

२. असं तू कुठे पाहिलंस? घरात, गल्लीत, शेतावर, मैदानावर. स्वतःच्याच आयुष्यातलं असलं पाहिजे असा हट्ट नको. शेजारच्या काकांचं, बातमीतलंही चालेल.

३. हे कुठे खरं ठरणार नाही? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो.

पहिला प्रश्न मुलाला मजकुराशी बांधून ठेवतो. दुसऱ्याने ते आपल्या अवतीभवती पाहू लागतं. तिसऱ्याने त्याला विचार करावा लागतो. तिन्हींची उत्तरं तोडकीमोडकी असली तरी पाठ केलेल्या दहा ओळींपेक्षा ती जास्त मोलाची माना, आणि तसं मुलांना स्पष्ट सांगा.

कविता: एक उदाहरण तासिकेच्या शेवटपर्यंत

कुसुमाग्रजांची ‘कणा’ बहुतेक शिक्षकांना तोंडपाठ असते आणि तिचा संदेशही ठरलेला असतो: संकटात कणा ताठ ठेवावा. ही कविता एका तासिकेत कशी उघडता येईल ते पाहू.

- दोनदा मोठ्याने वाचा, मध्ये अर्थ सांगू नका. एकदा तुम्ही वाचा, एकदा एखाद्या मुलाला वाचू द्या. कवीचा परिचय नंतर. ज्ञानपीठ पुरस्कार आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांची माहिती आधी दिली की मुलं दबून जातात आणि कवितेत काहीतरी थोर असणारच असं धरून चालतात.
- काय घडलं ते साध्या भाषेत सांगायला लावा. पावसात भिजलेला एक माजी विद्यार्थी सरांकडे येतो. त्याच्या घरात नदीचं पाणी शिरून सगळं गेलं आहे. सर खिशाकडे हात नेतात. तो पैसे घेत नाही, वेगळंच काही मागतो. पाच मुलांना पाच वाक्यं सांगू द्या. इथे चूक झाली तर लगेच दुरुस्त करा. घडलं काय याबद्दल मतभेद चालत नाहीत.
- थबकलेली जागा शोधायला लावा. प्रत्येकाने जिथे आश्चर्य वाटलं किंवा नीट कळलं नाही अशा एकाच जागेखाली पेन्सिलीने रेघ मारायची.
- जिथे माणूस निवड करतो तिथे वर्ग थांबवा.

थबकलेल्या जागा मुलांना बरोबर सापडतात. घर उद्ध्वस्त केलेल्या नदीबद्दल हा माणूस रागाने बोलत नाही, माहेरी आलेल्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलतो. हे मुलांना विचित्र वाटतं, वाटू द्या. इथेच, ‘गंगामाई’ या शब्दापाशी, नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात ही माहिती द्या, कारण ती आता उपयोगी पडते. ज्या नदीवर गाव जगतं तिच्यावर माणूस किती रागावू शकतो, हे विचारा. नदीकाठची मुलं वर्गात असतील तर त्यांच्याकडून ऐकण्यासारखं बरंच असतं.

दुसरी जागा त्या माणसाच्या बायकोची. तिचा उल्लेख एवढासा आहे, पण तिच्यामुळे चित्र पालटतं. तो एकटा उभा नाही, दोघं मिळून चिखल काढताहेत, भिंत बांधताहेत. ‘कणा ताठ ठेवावा’ या संदेशात ती बाई कुठेच नसते. एखाद्या मुलीच्या हे लक्षात आलं तर तिचं उत्तर फळ्यावर लिहा.

तिसरी जागा निवडीची: त्याने पैसे का घेतले नाहीत? आणि घ्यायचे नव्हते तर आलाच कशाला? इथे घाई करू नका. शांतता पसरली तर पसरू द्या. कुणी म्हणेल स्वाभिमान, कुणी म्हणेल त्याला आपलं माणूस हवं होतं, कुणी म्हणेल सरांनी त्याला ओळखलं एवढंच त्याला पुरेसं होतं. ही तिन्ही उत्तरं कवितेत बोट ठेवून दाखवता येतात, म्हणून तिन्ही बरोबर. सरांचं चुकलं का, हेही विचारा. मला वाटतं चुकलं नाही. संकटात सापडलेल्या माणसाला पाहून खिशाकडे हात जाणं हेही माणूसपणच आहे.

आणि आता तिसरा प्रश्न. हे कुठे खरं ठरणार नाही? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पुराचं पाणी घराघरांत शिरलं. त्या घरांतली मुलं आज वर्गात बसलेली आहेत. पूरग्रस्ताने पैसे नाकारावेत असा बोध त्यांच्यापुढे ठेवला तर तो अन्याय होईल. सरकारी नुकसानभरपाई हा हक्क आहे, त्यासाठी पंचनाम्याला उभं राहण्यात कमीपणा नाही. कवितेतल्या माणसाने एका क्षणी, आपल्या एका सरांपुढे, पैशापेक्षा वेगळं काही मागितलं. मदत घेणारा माणूस कमकुवत असतो, असं कविता कुठेही म्हणत नाही. ही हद्द मुलांनी स्वतः आखली की त्यांच्या वहीत जे वाक्य उतरतं ते कुठल्याही गाईडमध्ये नसतं. साधारण असं: ‘दुःखात असलेल्या माणसाला काय द्यायचं हे आपण ठरवण्याआधी त्याला काय हवं आहे ते विचारावं.’

विज्ञानाच्या तासाशी कविता भांडली तर

बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्यावरची कविता शिकवताना एखादा पक्षीवेडा मुलगा हात वर करतो: खोपा तर नर विणतो! त्याचं बरोबर आहे. सुगरण पक्ष्यांत घरटं नर विणतो, मादी ते पारखून घेते आणि मग अंडी घालते. अशा वेळी ‘कवितेत असं चालतं’ म्हणून त्याला खाली बसवू नका. त्याने निरीक्षण केलं आहे, आणि तेच तर आपण शिकवत होतो.

त्याला पुढचा प्रश्न द्या: बहिणाबाईंनी त्या खोप्यात आई का पाहिली असेल? जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली, तरुणपणी विधवा झालेली आणि शेतात राबून मुलं वाढवलेली बाई झाडाला लटकलेलं ते घर पाहते आहे. तिच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, तिच्या ओव्यांचं पुस्तक निघालं, कारण तिच्या मुलाने, सोपानदेव चौधरींनी, त्या उतरवून ठेवल्या होत्या. पक्ष्याबद्दलची माहिती तपासायची असेल तर पक्षीशास्त्राचं पुस्तक उघडावं. इतकी कमी साधनं असताना इतकं नेटकं घर कसं उभं राहतं, याचं नवल अनुभवायचं असेल तर कवितेकडे यावं. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या डोक्यात सुखाने राहतात. मोठ्यांनाच त्यांतली एक निवडायची घाई असते.

ज्या कवितेत बोध नाही तिथे तो घुसडू नका

बालकवींची ‘औदुंबर’ आठ ओळींची. झरा, टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट, काळा डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. यातून ‘निसर्गाचे रक्षण करावे’ हा संदेश काढलेला वहीत दिसतो. कवितेत त्याला आधार नाही. पहिल्या प्रश्नालाच तो बोध पडतो, ओळीवर बोट ठेवता येत नाही.

इथे मुलांना रंग मोजायला सांगा. हिरव्यापासून सुरुवात होते आणि आपण हळूहळू कुठल्या रंगाकडे चालत जातो? मोकळ्या उजेडातून डोहाच्या काळोखाकडे. मग तो औदुंबर तिथे बसून काय करत असेल? मुलांची उत्तरं वेगवेगळी येतील: वाट पाहतोय, थकलाय, मजेत आहे, त्याला एकटं वाटतंय. अशा कवितेतून मूल शिकतं ते सावकाश पाहणं. वही कोरी राहिली तरी चालेल. एखाद्या कवितेखाली ‘या कवितेत उपदेश नाही, एक चित्र आणि त्यातून येणारी हुरहुर आहे’ असं लिहिण्याची मुभा द्या. ते पूर्ण उत्तर आहे.

संतकाव्यात उलट घडतं, तिथे उपदेश उघड असतो. अभंगाचा अर्थ सांगून न थांबता एवढंच विचारा: हे कुणाला उद्देशून म्हटलंय, आणि त्या माणसाला हे सांगायची वेळ का आली असेल?

कादंबरी: वळणावर थांबा

कविता तासिकेत मावते, कादंबरी मावत नाही. म्हणून संपूर्ण कादंबरीचा सारांश लिहायला सांगू नका. सारांश लिहिताना मूल नेमक्या त्याच गोष्टी गाळतं ज्यांच्यासाठी कादंबरी लिहिली गेली. त्याऐवजी प्रत्येक मुलाला एक वळण निवडू द्या, जिथे पात्राला दोनपैकी एक वाट धरावी लागली. मग चार प्रश्न पुरतात: त्याच्यापुढे काय काय पर्याय होते, त्याने कुठला घेतला, त्याची किंमत कुणी मोजली, आणि तू तिथे असतास तर?

‘किंमत कुणी मोजली’ हा प्रश्न विसरू नका. नायकाच्या निर्णयाची किंमत बऱ्याचदा त्याची आई, बायको, बहीण किंवा गडी मोजतो, आणि मुलांचं तिकडे लक्ष जात नाही.

काही पुस्तकं आणि त्यांतल्या थांबण्याच्या जागा सांगतो.

‘श्यामची आई’ (१९३५). साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात असताना लिहिलेल्या या बेचाळीस रात्री पाचवीपासून वाचता येतात, आणि एका तासिकेला एक रात्र नीट बसते. श्याम पोहायला जायला घाबरून लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, फोकाने मारते आणि विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, ही तिची कळकळ. आजची मुलं इथे हमखास विचारतात, ‘आईने मारलं ते बरोबर होतं का?’ हा प्रश्न दाबू नका. आईचं प्रेम खरं होतं आणि मार हा मार्ग आज आपण स्वीकारत नाही, ही दोन्ही वाक्यं एकत्र उभी राहू शकतात. आदर ठेवूनही असहमत होता येतं, हा या पुस्तकाच्या वाचनातून मिळणारा मोठा धडा आहे, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या मुलामुळे मिळतो. आणखी एक रात्र फुलांची. इतरांच्या आधी फुलं मिळावीत म्हणून मुलं आदल्या संध्याकाळीच मुक्या कळ्या तोडून आणतात. स्पर्धेत पुढे राहण्यासाठी आपण काय काय अवेळी तोडतो, यावर सातवीचा वर्ग तासभर बोलू शकतो.

‘बनगरवाडी’ (१९५५). आठवी ते दहावीसाठी यापेक्षा योग्य कादंबरी मला तरी माहीत नाही. छोटी आहे, भाषा स्वच्छ आहे, आणि नायक जेमतेम विशीचा, धनगरांच्या वस्तीत नेमणूक झालेला मास्तर आहे. व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश पानापानांतून उभा राहतो. मास्तर गावाला एकत्र करून तालीम बांधतो. संस्थानचे राजेसाहेब येतात, कौतुक होतं. मग पाऊस दडी मारतो, माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. आता वर्गाला विचारा: तालीम बांधणं वाया गेलं का? या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही. एक गट ‘वाया गेलं’ म्हणून वकिली करो, दुसरा ‘नाही’ म्हणून, आणि दोघांनीही पुस्तकातले प्रसंग पुरावा म्हणून द्यायचे. प्रयत्नांना यश येतंच, हा मुलांच्या मनावर ठसवलेला बोध इथे पहिल्यांदा तपासला जातो. दुष्काळी तालुक्यातल्या मुलांना तर ही कादंबरी त्यांच्या घरची गोष्ट वाटते.

‘मृत्युंजय’ (१९६७). अकरावी-बारावीची मुलं हे पुस्तक झपाटून वाचतात आणि ‘मैत्रीसाठी सर्वस्व द्यावं’ असा बोध घेऊन उठतात. शिवाजी सावंतांनी कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितली आहे. त्याचा उपयोग करा. एकच घटना दोन पात्रांच्या निवेदनातून शेजारी शेजारी ठेवा. द्यूतसभेत कर्ण काय बोलतो आणि काय करायचं टाळतो, हे वाचा. मग विचारा: मित्र चुकीचं वागत असेल तर निष्ठा म्हणजे काय? कॉलेजच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांना या प्रश्नाची रोज गरज पडते. आणि ही कादंबरी आहे, व्यासांचं महाभारत वेगळं आहे, हेही सांगा. ऐतिहासिक कादंबऱ्यांनाही हाच नियम. ‘स्वामी’ वाचून माधवराव पेशव्यांवर इतिहासाचं उत्तर लिहू नये.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ नववीतल्या मुलाची गोष्ट आहे आणि मुलांना ती हातची सोडवत नाही. वर्गात लावण्यापूर्वी तुम्ही पूर्ण वाचा, कारण त्यातली मुलं तशीच बोलतात जशी त्या वयाची मुलं बोलतात. आनंद यादवांची ‘झोंबी’ शिक्षणासाठी बापाशी झगडणाऱ्या मुलाची. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती एकट्याने वाचायला द्या, त्याला लगेच प्रश्न विचारू नका. ‘कोसला’ बारावीनंतर वाचलेली बरी, पण एखादं मूल आधीच वाचत असेल तर अडवू नका.

हमखास होणाऱ्या चुका

- शेवटची ओळ म्हणजेच संदेश असं मानणं. कवी शेवटी जे म्हणतो ते कधी आधीच्या सगळ्याला छेद देणारं असतं. मुलांना मधल्या ओळीवरही थांबायला शिकवा.
- कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी. नेहमी नसतो. ‘कवी म्हणतो’ ऐवजी ‘कवितेतला माणूस म्हणतो’ असं बोलण्याची सवय लावा. पुष्कळ गोंधळ एवढ्यानेच मिटतो.
- ‘तुम्हाला काय वाटलं?’ याच प्रश्नाने सुरुवात करणं. मजकूर नीट वाचून व्हायच्या आधी हे विचारलं की मुलं तुमच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतात. आधी काय घडलं, मग काय दिसलं, आणि मग वाटणं.
- पात्रांना चांगलं-वाईट अशा दोन रकान्यांत बसवणं. तक्ता आखायचाच असेल तर ‘काय हवं होतं’ आणि ‘त्यासाठी काय केलं’ असे रकाने करा.
- शिक्षेचं वाचन. उशिरा आलेल्या मुलाला उभं करून वक्तशीरपणावरची गोष्ट वाचायला लावू नका. ते पुस्तक त्याला कायमचं नकोसं होतं.
- एका मुलाला अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी बनवणं. दया पवारांचं ‘बलुतं’ किंवा इतर दलित आत्मकथनांतला उतारा वाचताना, भटक्या जमातींच्या लेखकांचं वाचताना, शिक्षकांची नजर नकळत एखाद्या मुलाकडे वळते. वर्ग ती नजर ओळखतो. ‘तुमच्याकडे असं असतं का?’ हा प्रश्न कुणालाही विचारू नका. प्रश्न उलट्या बाजूने विचारा: ज्यांनी हे भोगलं नाही त्यांनी हे वाचून स्वतःच्या वागण्यात काय तपासावं? अशा पुस्तकांचा बोध भोगणाऱ्याने शिकायचा नसतो.

शेवटच्या चुकीबद्दल मी जरा अधिक आग्रही आहे. वाचनाच्या तासाला झालेला अपमान मूल विसरत नाही.

मुलांचे हक्क, तुमची जबाबदारी

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा पहिली ते आठवीच्या शिक्षणाबद्दल आहे. त्याचं कलम २९ सांगतं की मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणी मांडता यावं. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. कविता चुकीची समजली म्हणून चारचौघांत टिंगल करणं कुठे बसतं, हे यावरून ठरवा. नववीच्या पुढे हीच शिस्त ठेवायला काहीच अडचण नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं असंही म्हटलं आहे. तुमच्या शाळेतली पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतील तर पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा मुद्दा मांडता येतो.

वर्गातले काही नियम मी याच्याच जोडीला ठेवीन:

- मुलाला गप्प राहण्याचा हक्क आहे. ‘असं तू कुठे पाहिलंस?’ या प्रश्नाला ‘सांगायचं नाही’ हे उत्तर चालतं.
- वाचनाची खासगी वही असेल तर ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची नाही. तपासणार असाल तर ते आधी सांगा.
- मुलाने लेखकाशी असहमती दाखवली तर गुण कापायचे नाहीत. आधार दिला आहे का, एवढंच पाहायचं.

एक गोष्ट गंभीर आहे. आईचा मृत्यू, बापाचं व्यसन, घरातली मारहाण अशा प्रसंगांवर बोलताना एखादं मूल अचानक स्वतःबद्दल काही सांगतं, किंवा वहीत लिहितं. त्या क्षणी साहित्य बाजूला ठेवा. वर्गात त्यावर चर्चा नको. तास संपल्यावर, इतरांच्या कानावर जाणार नाही पण मुलाला कोंडल्यासारखंही वाटणार नाही अशा जागी, शांतपणे ऐका. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते कदाचित पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक शिक्षकांच्या खोलीतही लावलेला असू द्या.

झेरॉक्स काढावी का?

पुस्तकाच्या पाच प्रती, मुलं पन्नास. मग शिक्षक घाबरत घाबरत विचारतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना आणि प्रश्नपत्रिकेत वापरलेल्या मजकुराला सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही सूट व्यापक अर्थाने घेतली. म्हणून एखादी कविता किंवा प्रकरण वर्गापुरतं काढून द्यायला हरकत नाही. संपूर्ण कादंबरीची पीडीएफ पालकांच्या गटात फिरवणं किंवा कवितांचं पुस्तकच सर्वांसाठी इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, ते टाळा.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. बालकवी (मृत्यू १९१८) आणि साने गुरुजी (मृत्यू १९५०) खुले झाले आहेत. कुसुमाग्रज (मृत्यू १९९९) अजून नाहीत. माडगूळकर, सावंत यांची पुस्तकं विकतच घ्यावीत. वर्गाने मिळून दर सत्राला चार पुस्तकं घेतली तरी दहावीपर्यंत कपाट भरतं.

आणि उत्तरपत्रिकेत काय लिहायचं?

पालकांची खरी काळजी इथे असते. मुलाने स्वतःचं लिहिलं तर गुण जातील का? कृतिपत्रिकेत स्वमत आणि रसग्रहणाच्या प्रश्नांना जागा आहे ती स्वतःच्या शब्दांसाठीच. तीन प्रश्नांचा सराव झालेलं मूल हे उत्तर सहज बांधतं, कारण त्याच्याकडे सांगायला काही असतं. त्याला एवढा सांगाडा द्या:

१. कवितेत काय घडतं, एका वाक्यात.

२. मला कळलेला संदेश, एका वाक्यात, ‘नेहमी’ आणि ‘प्रत्येकाने’ हे शब्द न वापरता.

३. तो कुठल्या ओळीतून किंवा प्रतिमेतून कळला, दोन वाक्यांत.

४. तो कुठे लागू पडतो किंवा कुठे पडत नाही, एक उदाहरण देऊन.

‘नेहमी’ आणि ‘प्रत्येकाने’ यांवरची बंदी मुलांना सुरुवातीला जड जाते. हे दोन शब्द काढून घेतले की पाठ केलेली वाक्यं उभीच राहत नाहीत आणि मुलाला कवितेकडे परत जावं लागतं. रसग्रहणात आशय, काव्यसौंदर्य आणि भाषा या तिन्हींवर लिहायचं असतं. वरचा सांगाडा आशयाचा भाग सांभाळतो, बाकी दोन भागांसाठी थबकलेल्या जागांच्या पेन्सिलीच्या रेघा कामी येतात.

घरी सराव करून घेणाऱ्या पालकांनी एक काळजी घ्यावी. मुलाचं उत्तर गाईडशी ताडून पाहू नका, कवितेशी ताडून पाहा. त्यासाठी तुम्हाला ती कविता वाचावी लागेल. पाच मिनिटं लागतात. वाचून झाल्यावर तुम्हाला काय वाटलं ते मुलाला सांगा, आणि त्याने तेच तीन प्रश्न तुम्हाला विचारले तर उत्तरं द्या.